शपथ सुटली म्हणायचं राहिलं

प्रिय शुभे,

राग निवळला की तुला लिहीन, असं म्हणता म्हणता वर्ष होत आलं. तो काही निवळत नाही. पण गेल्या शनिवारी जे डोळ्यांनी पाहिलं, त्यानंतर थांबण्यात अर्थ नाही, म्हणून आज ऑफिसला दांडी मारून लिहायला बसले आहे.

शनिवारी सई आली होती केंब्रिजहून. तुझं घर विकायला काढायचंय, त्याआधी तुझी कपाटं आवरायची होती. मी तिला घ्यायला स्टेशनवर गेले. आपल्या बर्मिंगहॅमचा तो सरकता जिना नेहमीप्रमाणे बंद, म्हणून साध्या जिन्याने वर निघालो. अर्ध्यावर तुझी लेक थांबली. एका हाताने कठडा धरला आणि दुसरा हात जबड्याला लावला. अंगठा कानाखाली, बोटं हनुवटीवर. हुबेहूब तू!

मी लगेच विचारलं, "सई, काय होतंय?"

"काही नाही मावशी. पित्त झालाय. टू मिनिट्स थांबला की जाते."

"जबडा दुखतोय का?"

"कधी कधी. छातीत नाही ना दुखत, मग डोन्ट वरी. आणि आपल्या फॅमिलीत हार्टचा काही असला तर तो सायलेंट असतो. आईला कुठे काय दुखला होता? शी फेल्ट नथिंग. तूच तर सांगितलीस."

मीच सांगितलं होतं, शुभे. कोणाच्या शपथेपायी सांगितलं, ते तुला माहीत आहे.

अजून तिशीही गाठली नाही पोरीने. तिला खरंच पित्त असेल. देव करो आणि पित्तच असो! पण ती जबडा धरून तिथे उभी होती, आणि माझ्या खोटेपणाचा आधार घेऊन स्वतःला धीर देत होती. ते बघून मला तू दिसलीस, आणि तुझ्या मागे त्या पायऱ्या दिसल्या.

तुझ्या त्या शपथा! एवढी शिकलेली बाई, भूलतज्ज्ञ, सबंध हॉस्पिटल जिच्या शब्दावर चालायचं, ती घरात शाळकरी पोरीसारखी गळ्याचं कातडं चिमटीत धरून म्हणायची, "माझ्या गळ्याची शपथ आहे, आणखी एक पुरणपोळी घे." मग मी घ्यायची. मग तू म्हणायचीस, "सुटली." तू म्हटल्याशिवाय शपथ सुटायची नाही, हा तुझाच कायदा. ज्याने घातली त्यानेच सोडायची.

आठवतंय, एकदा तुझ्याकडच्या गणपतीला मी भांड्यांना हात लावायचा नाही अशी शपथ घातलीस आणि तशीच ड्यूटीवर पळालीस? ओट्यावर डोंगर रचलेला, आणि मी आपली हात बांधून बसलेली. तासाभराने तुझा फोन आला. मागे कुठली तरी मशिनं वाजत होती. "अगं विजू, शपथ सुटली म्हणायचं राहिलंच! घास आता!" मी तुला शिव्या दिल्या आणि नळ सोडला.

हसायचो आपण. पण खरं सांग, दोघींपैकी कोणी कधी मोडली का गं? मोडली की ज्याच्या गळ्याची असते तो मरतो, हे आपल्या आयांनी असं काही डोक्यात घातलंय की ते ब्रिटिश पासपोर्टानेही धुऊन निघालं नाही.

आणि जबडा! जबड्याचं मला कोणी शिकवलं? तूच ना? त्या दिवाळीला आमच्या ह्यांनी फराळ करता करता नुसतं म्हटलं, जबडा जरा दुखतोय. तू त्यांच्या हातातली चकली काढून घेतलीस आणि त्यांना तडक गाडीत घातलंस. "हार्ट कुठेही बोलतं, विजू. जबडा, पाठ, डावा हात, पोटात मळमळ. बायकांचं तर छातीत बोलतच नाही कधी कधी." हॉस्पिटलच्या ए अँड ईमध्ये, इमर्जन्सीच्या रांगेत, अर्धा दिवस गेला आणि निघाली किडकी दाढ. किती महिने चिडवलं आम्ही तुला! तू म्हणालीस, "चिडवा. दाढ निघालेली मला चालते."

मग जिरोनाला तुला दाढ का नाही आठवली?

ती सहल तूच ठरवलीस. आपल्या लंडनच्या मैत्रिणीसाठी, उज्ज्वलासाठी. तिचे विनायकराव आदल्या वर्षी गेले, ईलिंगच्या बसस्टॉपवर, छातीत कळ येऊन. त्यानंतर ती घराबाहेर पडत नव्हती, बस दिसली तरी तोंड फिरवायची. तू तिला फोनवर दम भरलास, तिकिटं काढलीस आणि आपण तिघी बार्सिलोनाला पोहोचलो. मी म्हटलं होतं, तीन तिगाडा काम बिगाडा. तू म्हणालीस, तिसरी तूच आहेस, तू घरी बस.

गुरुवारी सकाळी आगगाडीने जिरोनाला गेलो. दिवसभर भटकायचं आणि संध्याकाळी परत. तू गाडीत सगळ्यांना आलेपाकाच्या वड्या वाटल्यास, समोरच्या स्पॅनिश आजीबाईंनाही. त्यांनी तुला रागावून सांगितलं की त्या स्पॅनिश नाहीत, कॅटलान आहेत. तू लगेच कान पकडलेस. आजीबाई हसल्या, दुसरी वडी मागून घेतली.

नदीवर ओणवलेली ती पिवळी, भगवी घरं बघून उज्ज्वला म्हणाली, "वाळवण घातल्यासारखी दिसतायत." तिने आपणहून काही बोलायची ती पहिली वेळ. तू माझ्याकडे बघून भुवई उडवलीस. काय आनंद झाला होता तुला!

आणि मग ती सिंहीण. जुन्या चर्चजवळ खांबावर चढलेली दगडी सिंहीण, तिच्या ढुंगणाची पापी घेतली की माणूस जिरोनाला परत येतो म्हणे. खाली मुद्दाम लोखंडी पायऱ्या ठेवलेल्या. तू पहिली चढलीस, मचकन आवाज काढून पापी घेतलीस आणि वरून उज्ज्वलाला म्हणालीस, "ये, सोवळं सुटलेलंच आहे!" उज्ज्वला आधी शी शी करत राहिली, मग चढली, आणि वर गेल्यावर तिला जे हसू सुटलं ते थांबेचना. पदरासारखी ती ओढणी तोंडात कोंबून हसत होती बिचारी. वर्षभराचं हसू होतं ते.

मी नाही घेतली पापी. मला किळस आली. आता वाटतं, परत यायचा तुझा हट्ट, आणि परत जावं लागतंय मला, रोज डोळे मिटले की.

तिथून कॅथेड्रलच्या त्या पायऱ्या. खालून बघितलं तरी दम लागेल अशा. उज्ज्वला हसण्याच्या भरात पोरीसारखी पुढे गेली. तू आणि मी मागे. अर्ध्यावर तू थांबलीस आणि खाली बसलीस. बसलीस म्हणजे, तुझे पाय आपोआप दुमडले. तुझ्या ओठांवर घाम होता. ऊन तसं नव्हतंच.

"पित्त," तू म्हणालीस. "सकाळी ती कॉफी घेतली ना उपाशीपोटी."

 पण तुझा डावा हात जबड्यावर होता. अंगठा कानाखाली.

"शुभा, जबडा?"

तू माझ्याकडे जे बघितलंस ना, त्यात सगळं होतं. तुला माहीत होतं! मी मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरला नाही सांगितलं, वर्षभर कोणालाच नाही सांगितलं, पण तुला तरी सांगते. तुला त्याच क्षणी माहीत होतं. मी म्हटलं, मी कोणाला तरी हाक मारते, अँब्युलन्स बोलावते. तू जबड्यावरचा तोच हात उचललास आणि गळ्याला लावलास.

"माझ्या गळ्याची शपथ आहे. कोणालाही सांगायचं नाही, उज्ज्वलाला नाही. वर बघ तिच्याकडे. बघितलंस? वर्षानं हसली ती. तिच्यासमोर छातीचं नाव काढलंस तर ती परत त्या बसस्टॉपवर जाऊन बसेल. आणि सईला तर मुळीच नाही. तिची उद्या प्रमोशनची मुलाखत आहे."

"अगं पण..."

"डॉक्टर मी का तू? पित्त आहे म्हटलं ना!"

वरून उज्ज्वलाने हाक मारली, "काय झालं गं?" आणि तू मला कोपराने ढोसलंस. मी वर बघून ओरडले, "काही नाही! हिचा गुडघा धरलाय!"

गुडघा कुठून सुचला, देव जाणे. पण तू लगेच गुडघ्यावर हात ठेवलास, नाटकात काम केल्यासारखा. उज्ज्वला धावत खाली आली. तिच्या पर्समध्ये वेदनाशामक मलमाची ती छोटी बाटली कायम असते. तिने तिथेच, एवढ्या लोकांत, पायऱ्यांवर मांडी घातली, तुझी सलवार वर केली आणि तुझा धडधाकट गुडघा चोळायला लागली. "इथे? की खाली? आता बरं वाटतंय का?" तू डोळे मिटून म्हणत होतीस, "हो गं, तिथेच. किती हलका हात आहे तुझा." आणि दुसऱ्या हाताने माझी बोटं दाबत होतीस. वळ उठले होते. तो मलमाचा वास अजून कुठे आला तर मी उठून बाहेर जाते.

हृदय एकीकडे मरत होतं आणि आम्ही दोघी मिळून तुझा गुडघा बरा करत होतो. हसू की रडू, सांग ना!

जेवायला बसलो तर तू भाताला हात लावला नाहीस. सोड्याचं पाणी प्यायलीस आणि मोठ्ठी ढेकर दिलीस. विजय मिळाल्यासारखं माझ्याकडे बघितलंस: बघ, ढेकर आली, पित्तच होतं. आणि मी, मूर्ख बाई, मी निश्चिंत झाले. आपल्या घरात ढेकर आली की सगळे आजार संपतात ना! तुझ्या गालावर रंगही आला होता थोडा. परतीच्या गाडीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलीस. उज्ज्वला फोनवरचे फोटो दाखवत होती, सिंहिणीचे.

शुक्रवारी ती लंडनच्या विमानाने गेली, आपण बर्मिंगहॅमच्या. तुझ्या दारात टॅक्सीतून सामान काढताना मी पुन्हा म्हटलं, "आज्जच ए अँड ईला जा. मी येते सोबत."

"तिथे माझेच ज्युनियर असतात. पित्तासाठी गेले तर हसतील. सोमवारी दाखवते, प्रॉमिस."

"मग आधी शपथ सोड."

तू बॅग ओढत हसलीस. "आधी दाखवून येते, मग सोडते. नाहीतर तू आत्ता सईला फोन लावशील. ओळखून आहे मी तुला."

खरंच लावला असता. म्हणून तर नाही सोडलीस. आणि रविवारी सकाळी धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन जिना चढताना तू पडलीस, शेजारच्या बाईंनी आवाज ऐकला. सोमवार तुझा उगवलाच नाही.

का गं? कुठल्याही पेशंटला तू असं करू दिलं असतंस? आमच्या ह्यांच्या दाढेसाठी तू लाल सिग्नल तोडलास. आणि स्वतःच्या हृदयासाठी तुला एका मैत्रिणीचं हसू मोडवेना, ज्युनियर पोरांची लाज वाटली, लेकीच्या मुलाखतीत व्यत्यय नको वाटला! लोक तुला थोर म्हणतात. शोकसभेत तुझी ती इंग्रज मेट्रन म्हणाली, शी नेव्हर मेड अ फस. सगळ्यांनी माना डोलवल्या. मला उठून ओरडावंसं वाटत होतं की करायला हवा होता तमाशा! त्या पायऱ्यांवर बसून बोंब मारायला हवी होतीस, सगळं जिरोना गोळा व्हायला हवं होतं.

मग कॉरोनरकडून पोस्टमॉर्टेमचा निकाल आला. अटॅक रविवारचा नव्हता, त्याच्या काही दिवस आधीचा होता. हृदयाचा एक भाग तेव्हाच गेलेला. सई तो कागद घेऊन माझ्याकडे आली, माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि विचारलं, "मावशी, ट्रिपमध्ये आईला काही झाला होता? काही म्हणाली ती?"

आणि मी, शुभे, तुझ्या मेलेल्या गळ्याला घाबरले. हसशील तू. बाई गेली, जाळून आलो, आणि मी अजून घाबरतेय की शपथ मोडली तर तिला काही होईल! मी म्हटलं, "नाही गं. दिवसभर हसत होती. तिला काही कळलंसुद्धा नसेल." सईने मला मिठी मारली. म्हणाली, बस, एवढाच पाहिजे होता मला. त्यावर ती वर्षभर जगली. आता तेच धरून जिन्यात उभी राहते आणि पित्त म्हणते.

उज्ज्वलाचं तर विचारूच नकोस. ती आता बसने फिरते, भजनाला जाते, चांगली सावरली आहे. भेटली की एकच गोष्ट सांगते, "शेवटी शुभाचा गुडघा मी चोळला. तेवढी तरी सेवा झाली माझ्या हातून." मी हो म्हणते. तिला काय सांगायचं ते मला अजून समजलेलं नाही. तिच्यासाठी तू जीव घालवलास हे ऐकून ती उभी राहील का? तुझा तो हिशेब कदाचित बरोबरही असेल. पण तो उज्ज्वलापुरता.

सईचं मात्र माझं ठरलंय. शनिवारी मी तिला काहीच बोलले नाही. कपाट आवरताना ती तुझी ती हिरवी शाल नाकाशी धरून बसली, आणि माझी हिंमत झाली नाही. घरी येऊन रात्रभर तळमळले. सकाळी ह्यांना सगळं सांगितलं, पायऱ्यांपासून टॅक्सीपर्यंत. बघ, मोडली तुझी शपथ!  ते म्हणाले, "शुभाने मला चकली खाऊ दिली नव्हती. तू सईला खाऊ देणार आहेस का?"

म्हणून उद्या सकाळच्या ट्रेनने मी केंब्रिजला जातेय. सईला फोन करून सांगितलंय की येते. कशासाठी ते नाही सांगितलं. तिने आनंदाने वरणफळं करते म्हटलं, तिला कुठे येतात ती.

मी तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे. तुझा जबडा, तुझा घाम, तुझं ते बघणं, आणि गळ्यावरचा हात. आई काही न कळता गेली, हा तिचा एकुलता एक आधार मी काढून घेणार आहे. ती माझ्यावर ओरडेल. तुझ्यावर जास्त ओरडेल. कदाचित मला घराबाहेर काढेल, पुन्हा मावशी म्हणणार नाही. चालेल मला. काढलं तर मी दाराबाहेर बसून राहीन. तिला जीपीकडे घेऊन जाईन, तिच्या आईला जबड्यात दुखलं होतं हे मी माझ्या तोंडाने डॉक्टरला सांगेन, आणि ते तपासण्या लिहून देईपर्यंत खुर्चीवरून हलणार नाही. सगळ्यांदेखत तमाशा करीन. तू केला नाहीस तो. आणि निघाली दाढ तर तुझ्यासारखंच म्हणेन, दाढ निघालेली मला चालते.

एवढं वचन तुला देते, शुभे. शपथ नाही, वचन. शपथांना मी आता हात लावणार नाही.

फक्त एक राहिलंय. तुझा कायदा असा की ज्याने घातली त्यानेच सोडायची. वर्षभर मी वाट बघितली. स्वप्नात तरी येशील आणि हसत म्हणशील असं वाटायचं, त्या फोनवर म्हणाली होतीस तसं. नाही आलीस. आता लिहिता लिहिता मी माझ्याच गळ्याचं कातडं चिमटीत धरलंय, आणि तुझ्या वतीने, तुझ्या आवाजात, मोठ्याने म्हणतेय. शेजारी ऐकत असतील तर ऐकोत.

सुटली गं. सुटली.

अजून तुझ्यावर रागावलेली,
विजू